समुद्रावरचा काटा

सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात उभे राहून कोणी बंदराची वाट विचारली, तर लोक त्याला स्टेशनकडे पाठवतील. रस्त्याने मुंबई इथून सुमारे ४०० किलोमीटर. तरीही या जिल्ह्याच्या कमाईचा मोठा वाटा समुद्र ओलांडून येतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत विणलेले टेरी टॉवेल, सांगोला-मंगळवेढ्याचे डाळिंब, उजनी धरणाच्या पाण्यावर करमाळा आणि माढा तालुक्यांत पिकलेली केळी, आणि सरकारने निर्यात खुली ठेवली असेल त्या हंगामात कारखान्यांची साखर, हा सारा माल ट्रकने घाट उतरतो आणि न्हावा-शेवा, मुंबई किंवा जयगडच्या धक्क्यावर जहाजात चढतो.

समुद्राशी सोलापूरचे नाते याहूनही जुने आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरातच झाला. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक. या कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. त्याच दिवसाच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन. परक्या कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या समुद्रावर आपली जहाजे हवीत, हे या सोलापूरकराने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. आज माल कोणाच्याही जहाजातून जावो, त्याचे वजन किती आणि वाटेत त्याचे काय झाले, हे ठरवणारी विद्या आपल्याला कळली पाहिजे. ती विद्या म्हणजे सागरी सर्वेक्षण, आणि ती जाणणारा माणूस म्हणजे मरीन सर्व्हेअर.

व्यवहाराबाहेरचा माणूस

समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाचे निदान चार वाटेकरी असतात: विकणारा, घेणारा, वाहणारा आणि विमा उतरवणारा. चौघे एका जागी कधीच नसतात. विकणारा सोलापुरात, घेणारा रॉटरडॅमला किंवा दुबईत, जहाजाचा मालक तिसऱ्याच देशात. माल उतरला आणि पोती कमी भरली किंवा टॉवेलांवर डाग दिसले, की प्रत्येकाजवळ आपापली बाजू असते. विकणारा म्हणतो, मी पूर्ण आणि चांगला माल दिला. कप्तान म्हणतो, मला जे दिले ते मी आणले. घेणारा पैसे अडवतो आणि विमा कंपनी पुरावा मागते.

अशा वेळी ज्याला मालातून एक पैशाचा नफा-तोटा नाही, असा माणूस लागतो. तो येतो, मोजतो, पाहतो, नमुने घेतो, छायाचित्रे काढतो आणि अहवाल लिहितो. या कामाच्या शाखा अनेक आहेत. जहाजाच्या सांगाड्याची आणि यंत्रांची तपासणी करून त्याला प्रमाणपत्र देणे हे वर्गीकरण संस्थांचे काम. भारतात ते १९७५ मध्ये स्थापन झालेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था करते, आणि तिचे मुख्यालय मुंबईत पवईला आहे. जहाजाच्या मालकांनी मिळून चालवलेल्या पी अँड आय क्लबांचे सर्व्हेअर वेगळे. विमा उतरवलेल्या मालाच्या नुकसानीचा अंदाज बांधणारे सर्व्हेअर आणखी वेगळे. या शेवटच्या गटाला भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाचा परवाना लागतो, आणि ठरावीक रकमेवरच्या दाव्यात अशा परवानाधारकाकडून पाहणी करून घेणे १९३८ च्या विमा कायद्याने बंधनकारक केले आहे. यांतले बरेच जण पूर्वी जहाजावर अधिकारी किंवा इंजिनिअर राहिलेले असतात, कारण जहाजात माल भरतात त्या अंधाऱ्या खणात उतरल्यावर काय शोधायचे हे पुस्तकातून पूर्ण शिकता येत नाही.

जहाज हाच काटा

ट्रकचे वजन वजनकाट्यावर होते, वाघिणीचे रेल्वेच्या काट्यावर. पन्नास हजार टनांचे जहाज कशावर ठेवायचे? उत्तर आर्किमिडीजने बावीसशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. म्हणजे जहाजाने किती पाणी सारले हे कळले, की जहाजाचे वजन कळले. माल चढवण्याआधीचे आणि चढवल्यानंतरचे वजन काढायचे. फरक तो मालाचा. या रीतीला ड्राफ्ट सर्व्हे म्हणतात. कोळसा, लोहखनिज, खत, धान्य, सुटी साखर अशा मालाचा जगभरचा हिशोब बऱ्याच अंशी याच मोजणीवर चालतो.

जहाजाच्या बाहेरील पत्र्यावर पुढे, मध्यभागी आणि मागे, दोन्ही कुशींवर आकडे रंगवलेले असतात. म्हणजे सहा ठिकाणी. मेट्रिक पद्धतीत प्रत्येक आकडा १० सेंटिमीटर उंच आणि दोन आकड्यांतली मोकळी जागाही १० सेंटिमीटर. पाणी आकड्याच्या तळाला टेकले की तो आकडा पूर्ण धरायचा. सर्व्हेअर छोट्या होडीतून जहाजाला वळसा घालतो आणि सहाही आकडे वाचतो. लाटा असतील तर पाणी वर चढते तो आणि खाली उतरते तो, असे अनेक आकडे टिपून सरासरी काढतो. जहाजाचा अधिकारी बरोबर असतो आणि वाचन दोघांना मान्य व्हावे लागते.

इथे एका सेंटिमीटरला किती किंमत आहे ते पाहू. पन्नास-पंचावन्न हजार टन माल वाहणाऱ्या मध्यम आकाराच्या जहाजाला एक सेंटिमीटर आणखी बुडवायला साधारण ५७ टन वजन लागते. ५७ टन म्हणजे ५० किलोची १,१४० पोती साखर. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात एक सेंटिमीटर चुकीचा वाचला, तर कागदावर तेवढी पोती नाहीशी होतात किंवा उगवतात.

पुढचे गणितही सावधपणे करावे लागते, कारण एवढे लांब जहाज ताठ राहत नाही. माल पुढच्या आणि मागच्या खणांत जास्त असेल तर मधला भाग वर उचलला जातो, मध्ये जास्त असेल तर तो खाली बसतो. समजा, पुढची सरासरी १०.३० मीटर, मागची १०.६२ आणि मधली १०.४४ आली. पुढच्या-मागच्या आकड्यांची सरासरी १०.४६ होते. पण जहाजाचे बहुतेक पोट मध्यभागी असते, म्हणून सर्व्हेअर मधल्या वाचनाला सहापट वजन देतो: पुढचे, मागचे आणि सहा वेळा मधले मिळवून आठाने भागतो. उत्तर येते १०.४४५ मीटर. फरक दीड सेंटिमीटरचा, पण वजनात तो सुमारे ८५ टनांचा. जहाज मागे कलले असेल तर त्याचीही दुरुस्ती करावी लागते. मग जहाजाच्या बांधणीवेळी तयार झालेल्या तक्त्यात त्या खोलीसमोरचे वजन पाहायचे.

तरी काम संपत नाही. तक्ता प्रति घनमीटर १.०२५ टन घनतेच्या समुद्राच्या पाण्यासाठी असतो. गोड्या पाण्याची घनता १. खाडीत, नदीच्या मुखाशी, पावसाळ्यात पाणी यांच्या मधले कुठले तरी असते. अंबा नदीवरच्या धरमतरच्या जेट्टीवर कोळसा आणि खनिज घेऊन लागणाऱ्या जहाजांना जुलैत जे पाणी मिळते ते मार्चमधले नसते. म्हणून सर्व्हेअर वेगवेगळ्या खोलीचे पाणी बादलीत काढून त्यात घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवतो. तक्त्याने ५३,६०० टन सांगितले आणि पाण्याची खरी घनता १.०२० निघाली, तर जहाजाचे खरे वजन सुमारे २६१ टनांनी कमी भरते. हायड्रोमीटरवरची ती बारीक रेघ साखरेच्या पाच हजारांहून अधिक पोत्यांएवढी आहे.

मग वजाबाकी. जहाज स्थिर राहावे म्हणून टाक्यांत भरलेले समुद्राचे पाणी, म्हणजे बॅलास्ट, पिण्याचे पाणी, इंधन, तेल हे सारे मोजून वजा करायचे. बॅलास्टच्या टाक्यांत मोजपट्टी सोडून पाण्याची उंची घ्यावी लागते, आणि खऱ्या चुका बहुधा इथेच होतात. शेवटी जहाजावर असे काही वजन उरतेच ज्याचा कागद नसतो: टाक्यांच्या तळाचा गाळ, वर्षानुवर्षे चढलेले रंगाचे थर, दोर, सुटे भाग. त्याला ‘कॉन्स्टंट’ म्हणतात, आणि रिकाम्या जहाजाच्या मोजणीत तो काढून ठेवतात. हा आकडा जहाजाच्या मागच्या फेऱ्यांपेक्षा एकाएकी फार वाढला, तर अनुभवी सर्व्हेअर थांबतो आणि सगळ्या टाक्या पुन्हा मोजायला लावतो, कारण कुठेतरी न सांगितलेले पाणी दडलेले असू शकते.

एवढे करूनही ड्राफ्ट सर्व्हेची अचूकता अर्ध्या टक्क्याच्या आसपास मानतात. पन्नास हजार टनांवर हा फरक २५० टनांचा. म्हणून किती टक्क्यांपर्यंतची तफावत घट धरायची नाही हे खरेदीच्या करारातच लिहिलेले असते. आपल्या साधनाची मर्यादा आधीच मान्य करून व्यवहार बांधणे, हा या विद्येचा मोठा प्रामाणिकपणा आहे.

कंटेनरचे खरे वजन

टॉवेल किंवा डाळिंब सुटे जात नाहीत, कंटेनरमध्ये जातात. तिथे वजनाचा प्रश्न वेगळा होतो. अनेक दशके निर्यातदार कागदावर जे वजन लिहील ते जहाज खरे मानत असे. त्याचा धोका जगाला ‘एमएससी नेपोली’ने दाखवला. जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीत वादळात या जहाजाचा सांगाडा तडकला आणि ते इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात आणून बसवावे लागले. डेकवर कोरडे राहिलेले ६६० कंटेनर उतरवून तोलले, तेव्हा त्यांतल्या १३७ कंटेनरांचे वजन कागदावरच्या वजनापेक्षा तीन टनांहून अधिक वेगळे निघाले. एका कंटेनरमध्ये तर हा फरक २० टनांचा होता.

जड कंटेनर हलका म्हणून वरच्या थरात गेला की खालचा चेपतो, थप्पी कोसळते, जहाजाचा तोल बिघडतो. म्हणून समुद्रावरील जीवित-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे सोलासमध्ये, दुरुस्ती झाली आणि १ जुलै २०१६ पासून पडताळलेल्या एकूण वजनाशिवाय कंटेनर जहाजावर चढवायला बंदी आली. बंदरावर या वजनाला ‘व्हीजीएम’ म्हणतात. ते काढायच्या रीती दोन. भरलेला, सील केलेला कंटेनर काट्यावर तोलायचा; किंवा आतला प्रत्येक खोका, फळ्या, बांधणीचे सामान वेगळे तोलून त्यात कंटेनरच्या दारावर छापलेले त्याचे रिकामे वजन मिळवायचे. काटा वैधमापन विभागाने तपासून मुद्रांकित केलेला हवा, आणि खाली जबाबदार माणसाची सही हवी. त्या सहीची जबाबदारी माल पाठवणाऱ्यावर आहे.

ओल आणि जहाजाचा जीव

वजनाइतकाच ओलावाही मोजावा लागतो, आणि काही मालात तो खलाशांच्या जिवाचा प्रश्न असतो. गोव्यात मांडवी आणि जुवारी नद्यांमधून बार्जांनी येणारे लोहखनिज मुरगावला मोठ्या जहाजांत चढते. या भुकटीत पाणी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर जहाजाच्या हेलकाव्यांनी आणि इंजिनाच्या थरथरीने कण दबतात, त्यांच्यातले पाणी सुटते आणि कोरडा दिसणारा ढीग खणात चिखलासारखा वाहू लागतो. तो एका बाजूला सरकला की जहाज कलते आणि पुन्हा सरळ होत नाही. २००९ च्या पावसाळ्यात ‘एशियन फॉरेस्ट’ मंगळूरजवळ आणि ‘ब्लॅक रोझ’ पारादीपजवळ बुडाले. दोन्ही जहाजांत लोहखनिजाची भुकटी होती.

आता प्रयोगशाळेतून दोन आकडे आणावे लागतात: माल सुरक्षित राहील अशी ओलाव्याची कमाल मर्यादा आणि प्रत्यक्ष ओलावा. ओलाव्याची चाचणी माल भरण्याच्या आधी सात दिवसांच्या आतली हवी, आणि मध्ये मोठा पाऊस पडला तर ती पुन्हा करावी लागते. धक्क्यावर करता येते ती डब्याची साधी चाचणी: अर्धा डबा भुकटीने भरायचा, टणक जागेवर पंचवीस वेळा आपटायचा आणि वर पाणी किंवा चिखल आला का ते पाहायचे. पाणी आले तर भरणी थांबवायची. आले नाही म्हणून माल सुरक्षित ठरत नाही. प्रयोगशाळेचा आकडा हवाच.

डाग कुठल्या पाण्याचा?

आता नुकसानीकडे वळू. समजा, सोलापूरचे टॉवेल हॅम्बुर्गला पोहोचले आणि वरच्या थरातल्या खोक्यांवर ओलीचे डाग, आत बुरशी. घेणाऱ्याने तक्रार केली. सर्व्हेअरचा पहिला प्रश्न: हे पाणी आले कुठून?

कंटेनर उघडण्याआधी तो सीलचा क्रमांक जहाजाच्या मालपावतीशी, म्हणजे बिल ऑफ लेडिंगशी, ताडून पाहतो. सील बदललेले किंवा तुटलेले असेल तर तपासाची दिशाच बदलते. मग बाहेरून पत्रा पाहतो: चेप, गंज, भोके, दाराच्या रबराची फट. माल काढल्यावर एक माणूस आत उभा राहतो आणि दारे लावून घेतात. अंधारात कुठून उजेडाची तिरीप आली, तर पाण्यालाही तिथून वाट आहे.

त्यानंतर ओल्या खोक्यावर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे थेंब. समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड असेल तर दुधासारखा पांढरा साका धरतो. साका आला नाही तर पाणी गोडे, म्हणजे पावसाचे, नळाचे किंवा हवेतले. साका आला तरी अनुभवी माणूस लगेच ‘समुद्राचे पाणी’ असे लिहून मोकळा होत नाही, कारण क्लोराइड घामात असते, खतात असते, आधीच्या फेरीत कंटेनरमधून गेलेल्या मालातही असू शकते. शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत जातो.

टॉवेलांच्या बाबतीत गुन्हेगार पुष्कळदा कंटेनरच्या आतच असतो. सुती कापड हवेतला ओलावा धरून ठेवते. खोक्यांचा पुठ्ठाही धरतो, आणि फळ्या ओल्या लाकडाच्या असतील तर त्याही. न्हावा-शेव्याच्या दमट उष्म्यातून निघालेला कंटेनर तीन-चार आठवड्यांनी थंड समुद्रात शिरतो. छताचा पत्रा गार पडतो, आणि थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमावेत तसे त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमून मालावर पडू लागतात. बंदरावरचे लोक याला ‘कंटेनरमधला पाऊस’ म्हणतात. वरचे खोके भिजलेले आणि खालचे कोरडे, डाग गोल ठिपक्यांसारखे, सिल्व्हर नायट्रेटला प्रतिसाद नाही: या तीन खुणा मिळाल्या की कारण स्पष्ट होते. याला उपाय आहे. कापड पूर्ण वाळवून भरायचे, कोरड्या लाकडाच्या फळ्या वापरायच्या, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगायच्या, वरच्या थरावर आच्छादन घालायचे.

पुढचे काम नुकसान किती हे ठरवायचे. भिजलेला माल सुक्यापासून वेगळा काढतात, मोजतात, नमुने सील करतात. काही माल धुऊन, वाळवून विकता येतो, काही कमी भावात जातो, काही फेकावाच लागतो. वाचलेल्या मालाची जी किंमत येईल ती दाव्यातून वजा होते. म्हणून माल भिजला की तो तसाच सडू देणे मालकाच्या अंगाशी येते. विमा उतरवला असला तरी नुकसान वाढू न देण्याची मालाच्या मालकाची जबाबदारी कायम राहते.

फळाच्या पोटातले तापमान

डाळिंब आणि केळी शीतकंटेनरमधून, म्हणजे रीफरमधून जातात. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले सोलापूरचे डाळिंब आणि केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र यांमुळे या फळाची ओळख देशाबाहेरही पोहोचली आहे. उजनीच्या काठची केळी आखाती देशांत जातात. दोन्ही फळांच्या गरजा वेगळ्या. केळी सुमारे साडेतेरा अंश सेल्सिअसला पाठवतात. तापमान तेराच्या खाली रेंगाळले तर सालीला काळपट-राखाडी झाक येते आणि फळ नीट पिकत नाही. डाळिंबाला पाच ते सात अंश लागतात, आणि त्याहून फार थंडी झाली तर साल करपल्यासारखी होते.

रीफर कंटेनर माल थंड करत नाही, थंड ठेवतो. हे एक वाक्य पाठ असते तर कित्येक दावे उद्भवलेच नसते. शेतातून दुपारी काढलेला, उन्हात तापलेला माल आधी पॅकहाउसमध्ये गार करावा लागतो. तसा न करता भरला, तर कंटेनरचे यंत्र दिवसेंदिवस झगडत राहते, मधल्या खोक्यांतले फळ गरम राहते आणि कडेचे थंड होते. म्हणून भरताना सर्व्हेअर टोकदार थर्मामीटर फळाच्या पोटात खुपसून तापमान घेतो. पोहोचल्यावर तो यंत्राची नोंदवही उतरवतो: किती अंशावर लावले होते, आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा किती तापमानाची होती, वीज किती तास नव्हती. खोक्यांत आधीच ठेवलेला, तापमान टिपणारा डेटा लॉगर दुसरी साक्ष देतो. दोन्ही नोंदी जुळल्या की दोष यंत्राचा, वाहतुकीचा की पॅकिंगचा हे सांगता येते.

दाव्याची मुदत

१९६३ च्या सागरी विमा कायद्यात एक कलम आहे, ते प्रत्येक फळनिर्यातदाराने समजून घ्यावे. करारात वेगळे लिहिले नसेल तर उशिरामुळे झालेले नुकसान आणि मालाच्या अंगभूत दोषामुळे झालेले नुकसान विमा कंपनी देत नाही. हा उशीर विम्यातल्या धोक्यामुळे झाला असला तरीही. २०२३ च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. द्राक्ष-डाळिंबाच्या दृष्टीने हा उशीर फार मोठा होता, आणि ‘उशीर’ या शब्दाचा विम्यातला अर्थ तेव्हा अनेकांना पहिल्यांदा उमगला.

वाहकाकडे दावा करायच्या मुदतीही कडक आहेत. नुकसान वरून दिसत नसेल तर माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत लेखी कळवायचे, आणि दावा एका वर्षाच्या आत दाखल करायचा. आपल्याकडे १९२५ चा जो कायदा हे सांगत होता, त्याची जागा घेणारा समुद्रमार्गे माल वाहतुकीचा नवा कायदा संसदेने २०२५ मध्ये संमत केला. सर्व्हेअरला बोलावायला उशीर झाला, रिकाम्या कंटेनरचा ताबा परत गेला, ओले खोके जाळले, की पुरावा संपला.

विमा नसला तर काय होते ते ‘एव्हर गिव्हन’ने दाखवले. मार्च २०२१ मध्ये सहा दिवस सुएझ कालवा अडवून बसलेल्या या जहाजाच्या मालकांनी ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ जाहीर केले. हा नियम फार जुना आहे: संकटातून सगळ्यांचा माल वाचवायला जो खर्च झाला, तो सगळ्यांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात उचलायचा. ज्याचा एक खोकाही हलला नाही त्यालाही हमी दिल्याशिवाय माल मिळत नाही. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते.

आपल्या दारातले उदाहरण ‘एमएससी चित्रा’चे. ७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा-शेव्याहून निघालेले हे जहाज मुंबईजवळ ‘खलिजिया ३’ या जहाजाला धडकले आणि कलले. सुमारे १,२०० कंटेनरांपैकी तीनशेच्या आसपास समुद्रात पडले, तेल रायगड आणि मुंबईच्या किनाऱ्यांवर आले, आणि काही दिवस दोन्ही बंदरांची वाहतूक थांबली. अशा वेळी प्रत्येक कंटेनरची स्वतंत्र कहाणी तयार होते: बुडालेला, तरंगलेला, सापडलेला, अडकलेला. प्रत्येकाचा हिशोब सर्व्हेअरच्या अहवालावर उभा राहतो.

हा अहवाल अंतिम निकाल नसतो. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा पुरावा असला तरी तो शेवटचा शब्द नाही, असे स्पष्ट केले. दुसऱ्या बाजूचा भक्कम पुरावा त्याला हरवू शकतो. म्हणून आपला पुरावा आपल्याजवळ हवा.

पुरावा सोलापुरात तयार होतो

बंदरावरचा वाद जिंकायचा की हरायचा हे पुष्कळदा एमआयडीसीच्या गोदामात किंवा करमाळ्याच्या पॅकहाउसमध्ये ठरते. रिकामा कंटेनर आला की त्याचे छत, जमीन, दारे यांची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत. आत शिरून दारे लावून उजेडाची तिरीप शोधावी. ओला, वास मारणारा, भोकाचा कंटेनर परत पाठवावा. भरताना खोक्यांची मोजणी दोघांनी करून दोघांनी सही करावी. कापडातला ओलावा आणि फळातले तापमान लिहून ठेवावे. सीलचा क्रमांक छायाचित्रात वाचता आला पाहिजे. काट्याची पावती, काट्याच्या मुद्रांकनाची तारीख आणि विमापत्रातल्या अटी एकाच फाइलमध्ये राहाव्यात. या कामाला फारसा पैसा लागत नाही, सवय लागते.

आणि ही सवय निर्यातदारापुरती ठेवण्यात अर्थ नाही. सोलापूर जिल्ह्यातला ऊसउत्पादक दर हंगामात काटामारीच्या, म्हणजे काट्यावर वजन कमी दाखवल्याच्या, शंकेने अस्वस्थ असतो. शेतकरी संघटना आंदोलने करतात, सरकार भरारी पथके नेमते, पुढच्या हंगामात शंका पुन्हा उभी राहते. समुद्रावर या प्रश्नाचे जे उत्तर शोधले गेले त्यात चार गोष्टी आहेत: तपासलेले साधन, दोन्ही बाजूंची हजेरी, व्यवहाराबाहेरचा मोजणारा आणि चुकीची मर्यादा आधीच लिहिलेला करार. रॉटरडॅमचा खरेदीदार आपली साखर या चार अटींवर मोजून घेतो. फडातला ऊस काट्यावर चढताना शेतकऱ्यालाही याच चार अटी मिळाल्या पाहिजेत. तेवढे ज्ञान आणि तेवढी माणसे महाराष्ट्रात आहेत. ती बंदरापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत आणणे हे आपल्या हातातले काम आहे.